अंगठा तेवढा राहिला

वरवे बुद्रुकला रोहिदासचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पुढं जळालेल्या पाणबुडी मोटारी रांगेनं पडलेल्या आणि आत वार्निशाचा वास. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी इथंच येतात आणि बऱ्या होऊन जातात. पण एखाद्याचा पोटापाण्याचा धंदा म्हणजेच तो माणूस असं धरून चालू नये, निदान रोहिदासच्या बाबतीत तरी नाहीच. शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना ऐंशीएक लाकडी चकत्या टांगलेल्या आहेत. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "हे काय वो?" रोहिदास म्हणतो, "माणसं हायेत." गिऱ्हाईक हसतं आणि आपली मोटार कधी मिळेल ते विचारायला लागतं. रोहिदासही पुढं काही सांगत नाही. त्याला त्या बाबतीत जरा तोरा आहे, आणि तो त्याला शोभतो.

खरं तर त्यात न कळण्यासारखं काही नाही. गणपतीत मंडळं हलते देखावे उभे करतात. त्या देखाव्यांतली हलती माणसं रोहिदास गेली चाळीस वर्षं बनवतोय. घण मारणारा लोहार, मुसळानं कांडणारी बाई, नगारा बडवणारा मावळा. बाहेरून कापड, लगदा आणि रंग. आत एक मोटार, सायकलची चेन आणि एक चकती. या चकतीची कड गुळगुळीत गोल नसते. कुठं उंच, कुठं खोल. कडेवर एक दांडी टेकलेली असते. चकती फिरली की दांडी वरखाली होते आणि दांडीला बांधलेली दोरी बाहुल्याचा हात ओढते. हातानं कुठं चढायचं, कुठं थबकायचं, कुठं सपकन खाली यायचं, ते सगळं त्या कडेवर कानशीनं घासून ठेवलेलं. प्रत्येक चकतीच्या मागं पेन्सिलीनं नाव आहे. ‘कोंडिबा, घण.’ ‘ठकुबाई, कांडण.’ कोंडिबा लोहार जाऊन वीस वर्षं झाली, पण ती चकती मोटारीवर चढवली की त्याचा घण अजून तस्साच पडतो, मारण्याआधी खांदा जरासा मागं घेऊन.

हे वेड रोहिदासला लावलं आनंदरावांनी. भोरच्या बाजारपेठेत आनंदरावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. वीज जायची-यायची त्या दिवसांत त्यांनी ग्रामोफोनच्या स्प्रिंगवर मान हलवणारा पहिला पगडीवाला बाहुला केला आणि मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. रोहिदास विशीच्या आत त्यांच्याकडं शिकायला लागला. भिंगातून डोळा न काढता आनंदराव सांगत, "माणसासारखं काहीतरी करायचं आणि ते हलवायचं, ही खाज फार जुनी आहे बाबा. आधी दोऱ्या होत्या. वर माणूस, खाली बाहुली. मग राजेलोकांच्या बागांतून पाण्यावर हलणाऱ्या बाहुल्या आल्या. मग घड्याळवाले आले, त्यांनी स्प्रिंग घातली. दोरी ओढणारा हात बाहुलीच्या पोटात गेला, तेव्हा खरं यंत्र झालं." आणि मग भिंग काढून, रोहिदासकडं रोखून बघत, "पण तो हात कुणाचा, हे आधी ठरवायचं. नुसता ‘माणूस’ असा कुणी नसतो. कोंडिबा असतो, ठकुबाई असते."

हे वाक्य रोहिदासनं ऐकलं शंभरदा, पण समजलं एकदाच, आणि तेही चारचौघांत तोंडघशी पडून.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आनंदरावांनी भोरच्या एका मंडळाचा देखावा पहिल्यांदा पूर्णपणे रोहिदासवर सोपवला. विषय भातलावण. वरव्याला रोहिदासच्या रानात ज्वारी आणि हरभरा. भातलावण त्यानं पाहिलेली ती एसटीच्या खिडकीतून, जाता जाता. त्यानं पाच बायका केल्या, एका रुळावर वाकून उभ्या, हातात रोपांच्या मुठी. मोटार सुरू केली की बायका रोप खोचत खोचत झोकात पुढं सरकायच्या. कमिटी खूश. पहिल्याच दिवशी तोबा गर्दी. आणि त्या गर्दीतून एका पोरीचा खणखणीत आवाज आला, "आवं, ह्या बया म्होरं चालल्यात की! आत्ता लावल्यालं समदं तुडवीत निघाल्या!"

डोंगरातल्या गावांहून आलेले सगळे लोक पोट धरधरून हसायला लागले. भात लावणारी बाई मागं सरकते. लावलेलं पुढं ठेवून, रिकामा चिखल पाठीशी घेऊन. हे तिकडच्या हिर्डोशी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण धावत्या एसटीतून बघणाऱ्याला कोण पुढं जातंय आणि कोण मागं, काय कळणार? कमिटीवाले रोहिदासवर तुटून पडले. आनंदराव मात्र शांतपणे म्हणाले, "तू हात कुणाचा घेतलास?"

"कुणाचाच न्हाई. मनानंच केला."

"मग झालं तर."

पुढच्या आषाढात रोहिदासनं हिर्डोशीची एसटी धरली. अर्ध्या वाटेत ती बंद पडली, उरलेलं अंतर तो चालत गेला. आवाज कुणाचा होता याचा पत्ता त्यानं आधीच काढलेला होता. हिर्डोशीला भात लावणाऱ्या म्हादूची धाकटी बहीण, सगुणा. खुणा केलेली एक काठी घेऊन तो तीन दिवस खाचराच्या बांधावर बसला आणि हात किती वर जातो, किती खाली येतो, किती वेळ थांबतो, ते वहीत लिहीत राहिला. लावणाऱ्या बायकांना ऐन चिखलात करमणूक झाली. "पाव्हणं, तितं बसून काय मोजताय, उतरा की खाली!" दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात आलं की बायका अकरा आहेत आणि पाव्हणं मोजतंय ते एकाच बाईचं. पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. वर्षाच्या आत सगुणा वरव्याला नांदायला आली.

‘सगुणा, लावण, हिर्डोशी.’ ही चकती रोहिदासनं सागाच्या फळीतून कापली. नवा देखावा सुरू केला आणि सगुणाला मुद्दाम एकटीला दाखवायला नेलं. लाकडी बाई वाकली, हात मुठीपाशी गेला, तिथं जरासा थबकला, खाली आला, रोप खोचलं, आणि बाई मागं सरकली. सगुणा बराच वेळ बघत राहिली. "हात माजाच हाय," ती म्हणाली. रोहिदास फुलून गेला. "पन आंगठा कुटाय? हात तितं थांबतो तो काय इसाव्याला? आंगठ्यानं मुठीतनं दोन काड्या मोकळ्या करायच्या असत्यात. तुमची बाई नुसतीच थांबतीया."

त्यानंतर रोहिदासनं अंगठ्यासाठी काय काय नाही केलं. स्प्रिंग लावली, चामड्याची पट्टी लावली, ब्रेकची केबल लावली. अंगठा एकतर अडकून बसायचा नाहीतर वेड लागल्यासारखा फडफडायचा. ट्रकच्या वायपरच्या मोटारी आल्या, मग चिनी सर्किटं आली, पुण्याच्या मंडळांची कामं आली, वर्तमानपत्रात फोटो आला. अंगठा तेवढा राहिला. घरात काही बिनसलं की सगुणाबाईंचं हे हुकमी हत्यार होतं. रोहिदासनं जरा शहाणपण चालवलं की त्या नुसता उजव्या हाताचा अंगठा हलवून दाखवायच्या आणि हा गप्प बसायचा.

यंदाच्या माघात, सकाळी भाकरी थापता थापता सगुणाबाईंचा उजवा हात परातीत पडला तो पडलाच. अर्धांगाचा झटका. अकरा दिवस पुण्याच्या दवाखान्यात काढून घरी आल्या. महिन्याभरात बोलणं जाग्यावर आलं, काठी घेऊन चालायलाही लागल्या. हात मात्र मांडीवर पडून राहिला. कुणीतरी आणून ठेवल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले होते, "पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं. नंतर अवघड होत जातं. हात रोज हलवत राहा, त्यांना माहितीची हालचाल असेल तर उत्तमच. आणि त्यांचं मन त्या हालचालीत पाहिजे."

सहा महिने म्हणजे आषाढ, हा हिशेब सगुणाबाईंनी दवाखान्यातच केला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण म्हादूच्या खाचरात लावणीचा पहिला दिवस त्यांनी कधी चुकवला नव्हता. बाळंतपणाचं एक वर्ष सोडून. माहेरचा तेवढाच एक दिवस होता त्यांचा, सणवार बाकी सगळे सासरचे. दरवर्षी आईच्या जागी, ओळीच्या टोकाला उभं राहून पहिली मूठ त्या लावायच्या. यंदा त्या विषयावर त्या काही बोलत नव्हत्या. आणि आणखी एक गोष्ट झाली होती. त्या डाव्या हातानं जेवत, म्हणून ताट घेऊन आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून बसत. पस्तीस-छत्तीस वर्षं जी बाई ताटावर बसून अख्ख्या गावाची टवाळी करायची, ती भिंतीकडं बघत मुकाट घास गिळते, हे रोहिदासला बघवेना. तो बाहेर बसून जेवायचा, म्हणजे जेवल्यासारखं करायचा.

व्यायाम तो रोज द्यायचा. हात धरून वर, खाली, वर, खाली. पण त्याच्या हाताला मोटारींची सवय. "मोटार पिळल्यावानी पिळताय," सगुणाबाई म्हणायच्या, आणि चार मिनिटांत तोंड फिरवून बसायच्या. मन त्यात पाहिजे म्हणे. मन कुठून आणायचं? चैत्र गेला, वैशाख अर्ध्यावर आला आणि हात होता तिथंच होता.

त्यांची मुलगी प्रेरणा शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथं यंत्रांचे लोखंडी हात मोटारगाड्यांचे भाग उचलतात, फिरवतात, जोडतात, आणि ते हात नीट चालतात की नाही हे ती बघते. दर रविवारी ती घरी यायची. एका रविवारी बापाचं मन रमावं म्हणून तिनं मोबाईल पुढं धरला. परदेशातला एक यंत्रमाणूस. दोन पाय, दोन हात, तोंडाच्या जागी काळी काच. चालत होता, जिना चढत होता, नाचतही होता.

रोहिदासनं चष्मा लावून तीनदा बघितलं. "ह्यो कुनाचा चालतोय?"

"कुणाचा म्हणजे, अप्पा?"

"कुनाचं चालनं घेतलंय ह्याच्यात?"

"असं एकाचं नसतं. हजारो माणसांचं चालणं मोजून ते शिकवतात."

"म्हंजे कुनाचंच न्हाई," रोहिदास म्हणाला. आपण आनंदरावांच्या आवाजात बोललो हे त्याला स्वतःलाच जाणवलं आणि तो जरा ओशाळला. "पन पडत न्हाई, ते भारी हाय. गुडघं वाकवून चालतोय बघ, चिखलातनं चालल्यावानी."

मग प्रेरणानं शोधून शोधून त्याला जुनी यंत्रं दाखवली. जपानातली लाकडी बाहुली, चहाचा पेला घेऊन पाहुण्यापर्यंत चालत जाणारी आणि पेला उचलला की थांबणारी. आणि युरोपातला एक लाकडी मुलगा, अडीचशे वर्षांपूर्वी घड्याळवाल्यांनी केलेला. टाक शाईत बुडवून, झटकून, कागदावर अक्षरं काढणारा. अक्षर लिहिताना त्याचे डोळेही हातामागं फिरत होते. मग कुणीतरी त्याची पाठ उघडली. आत पितळेच्या चकत्यांची उतरंड होती. एकावर एक, प्रत्येकीची कड वेगळी, आणि त्या कडांवर तीन दांड्या टेकलेल्या.

रोहिदासचा हात तोंडावर गेला. सातासमुद्रापलीकडं, अडीचशे वर्षांमागं, कुणीतरी आपल्यासारखाच कानस घेऊन बसला होता. हे बघायला आनंदराव हवे होते, असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिन्ही दांड्यांनी हात चालवलाय गं," तो म्हणाला. "येडा मानूस व्हता करनारा." त्याच्याकडं याहून मोठी शाबासकी नाही.

त्या लाकडी मुलाला करणारा हात केव्हाच मातीत गेला, पण त्याची अक्षरं चकत्यांवर शिल्लक आहेत, हे मनात घोळवत रोहिदास शेडमध्ये गेला. आणि समोरच्या भिंतीवर, वरून तिसऱ्या ओळीत, ती दिसली. ‘सगुणा, लावण, हिर्डोशी.’ ती लाकडी बाई कधीच मोडीत निघाली होती, पण साग चांगला म्हणून चकती त्यानं ठेवली होती. डॉक्टर काय म्हणाले होते? माहितीची हालचाल. मग बायकोच्या हाताला बायकोच्या हाताइतकं माहितीचं दुसरं काय असणार? तीन महिने ही आपल्या डोक्यावर टांगलेली होती आणि आपण मोटारीसारखा हात पिळत बसलो, म्हणून त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली.

दोन दिवसांत त्यानं ओसरीवर सांगाडा उभा केला. वायपरची मोटार, तिच्यावर चकती, दांडीवरून वर कप्पीला गेलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला मऊ कापडाचा पट्टा, मनगटासाठी. दोरी हात वर उचलायची. खाली तो आपल्याच वजनानं यायचा. खाली एक स्टीलचं ताट पालथं ठेवलं, म्हणजे हात टेकला की ‘टप’ वाजेल आणि शेडमध्ये काम करतानाही यंत्र चालू असल्याचं कळेल.

सगुणाबाईंनी सगळा पसारा वरपासून खालपर्यंत बघितला. "आता मला द्येकाव्यात बसीवताय व्हय?"

"बस तर खरं."

पट्टा बांधला, बटण दाबलं. हात वर गेला, छातीपाशी, जिथं डावा हात मूठ धरतो तिथं थबकला, मग खाली आला. टप. परत वर. थबकला. टप. सगुणाबाईंचा चेहरा बदलत गेला. पाचव्या की सहाव्या खेपेला त्यांनी विचारलं, "ही माजी हाय?"

"तुजीच. सदतीस वर्सामागली. तू बांधावरच्या पाव्हण्याला हसत व्हतीस तवाची."

या वेळी सगुणाबाईंनी तोंड फिरवलं नाही. त्या दिवशी यंत्र अर्धा तास चाललं, आणि रोहिदासनं बंद केलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की अजून थोडं."

मग ते रोजचंच झालं. सकाळी आणि दुपारी, टप, टप. सगुणाबाई डोळे मिटून बसायच्या. कधी ओठ हलायचे. लावणीत बायका म्हणतात त्या ओळी असाव्यात. कधी मध्येच म्हणायच्या, "जरा हळू करा, चिखूल घट्ट हाय." आणि रोहिदास वेग कमी करायचा. ज्येष्ठ सरला. बोटं किंचित गरम वाटतात, असं रोहिदासला वाटायचं, सगुणाबाई म्हणायच्या, "तुमाला वाटतंय." आषाढ लागला. म्हादूचा फोन येऊन गेला, येत्या सोमवारी पहिली लावण. सगुणाबाई "बरं" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. त्या दुपारी त्यांचं ताट तसंच परत आलं.

शनिवारी सकाळी रोहिदास शेडमध्ये एका मोटारीची वेटोळी भरत होता. बाहेर झिमझिम चालू होती. ओसरीवरून टप, टप ऐकू येत होतं आणि त्याच ठेक्यावर त्याचा हात चालला होता. वेटोळी भरून झाली. तारांच्या टोकांना डाग द्यायला त्यानं सकाळपासून तापत ठेवलेली सोल्डरगन उचलली आणि टेकवली, तर कथील वितळेना. त्यानं बोट लावून पाहिलं. गार. वर बघितलं. पंखा बंद. लाईट गेली होती, आणि गन एवढी गार झाली म्हणजे चांगला पाऊण तास तरी झाला होता.

टप.

आपल्याला भास होतोय असं वाटून रोहिदासनं कान टवकारले.

टप.

तो उठला तेव्हा मांडीवरच्या तारेचं रीळ घरंगळत पार दारापर्यंत गेलं. त्याच्यामागून तो ओसरीच्या कोपऱ्याशी आला आणि तिथंच खांबाला धरून उभा राहिला. चकती थांबलेली होती. दोरी सैल लोंबत होती. आणि तिच्याखाली सगुणाबाईंचा हात हळूहळू, थरथरत, वर चालला होता. छातीपर्यंत पोचला नाही, वीतभर खालीच राहिला. पण जिथं राहिला तिथं थबकला. आणि त्या थबकलेल्या क्षणात उजवा अंगठा पहिल्या बोटावरून इवलासा पुढं सरकला, दोन काड्या मोकळ्या केल्यासारखा. मग हात खाली पडला. टप.

"लाईट कवाच गेलीया," सगुणाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. कपाळावरून घाम ओघळत होता. "आला न्हाईत बगायला. म्हनलं, बगू किती येळ लागतोय ह्यान्ला."

"आंगठा," रोहिदास म्हणाला.

"तुमच्या बाईला जमला न्हाई त्यो." आता त्यांनी डोळे उघडले. "आना काठी. मोजून घ्या."

रोहिदास खरंच आत गेला आणि फळीमागून ती खुणांची जुनी काठी घेऊन आला. सगुणाबाईंच्या हातामागं ती त्यानं उभी धरली, जशी बांधावर बसून धरली होती तशी. हात परत वर आला, थबकला, अंगठा सरकला. कुठल्या खुणेपर्यंत आला, ते रोहिदासला काही दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, तरी दिसेना.

"ऱ्हाऊ द्या ते मोजनं," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हादूला फोन लावा. सोमवारी येतीया म्हनावं. समदी वळ न्हाई जमायची. पन टोकाची एक मूठ माज्यासाठी ठेव म्हनावं."

रोहिदासनं काठी भिंतीला टेकवली आणि फोन लावला.